मिसेस ऑर्विल यांचं हिरवं सॅलड

सकाळपासून मार्लिसने ओटा तीनदा पुसला होता, आणि ओट्यावर एका कागदाखेरीज काहीच नव्हतं. पुसण्याआधी ती कागद उचलायची, पुसून झालं की परत ठेवायची, आणि ठेवताना त्यावरच्या एकुलत्या एका रिकाम्या जागेवर तिची नजर अडकायची. मग तिची जीभ खालच्या ओठावर जायची. तिथे एक बारीक, कडक, पांढरी खूण होती, लहानपणापासूनची. जीव थाऱ्यावर नसला की जीभ आपली तिथेच फिरत राहायची. नवरा जिवंत होता तेव्हा म्हणायचा, "चाटून चाटून झिजव एकदाची."

कागदावर त्रेचाळीस नावांच्या जागा होत्या. लोन एल्म गावच्या लुथरन चर्चमधल्या बायकांनी १९६२ साली पाककृतींचं एक पुस्तक काढलं होतं. सायक्लोस्टाइल केलेलं, लाल पुठ्ठ्याचं, कडेला प्लॅस्टिकच्या कड्या. गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात त्याची एक प्रत असे, आणि ती नेहमी भाजलेल्या चीजच्या पानावरच उघडत असे. आता चर्चला शंभर वर्षं होत होती म्हणून पुस्तक पुन्हा छापायचं ठरलं. नव्या पाद्रीबाई म्हणाल्या, सगळं आहे तसं राहू द्या, फक्त एक बदल करू. जुन्या पुस्तकात एकाही बाईचं नाव नव्हतं. मिसेस हॅरल्ड, मिसेस क्लॅरेन्स, मिसेस अ‍ॅल्विन, अशी सगळी नवऱ्यांची नावं. जणू गावातले पुरुषच एप्रन बांधून कणीक मळत बसले होते. या वेळी प्रत्येकीचं स्वतःचं नाव घालायचं होतं.

पण ती नावं आठवणार कोणाला? सगळ्यांनी मार्लिसकडे बघितलं. त्र्याहत्तर वर्षांची मार्लिस गावातून कधी हलली नव्हती, आणि ती काही विसरत नाही अशी तिची ख्याती होती. तीन आठवड्यांत तिने बेचाळीस नावं भरली. सारा गाव जिला टरकून असायचा त्या मिसेस अ‍ॅल्विन होल्टे यांचं नाव ब्लॉसम, म्हणजे चक्क फुलोरा, होतं, हे तिने लिहिलं तेव्हा चर्चच्या कचेरीतली ट्रूडी खुर्चीतून पडायची बाकी राहिली होती.

एकच जागा उरली होती. पान एकतीस. लिंबाच्या जेलीचं हिरवं सॅलड, मिसेस ऑर्विल स्टेनरूड.

ऑर्विल स्टेनरूड म्हणजे मार्लिसचे बाबा. आणि मिसेस ऑर्विल स्टेनरूड या गावात दोन झाल्या. पहिली अर्डिस, मार्लिसची आई. ती १९५९च्या ऑक्टोबरमध्ये गेली, तेव्हा मार्लिस आठ वर्षांची होती. दुसरी लाव्हॉन. ती एकसष्टच्या जूनमध्ये मिनीॲपोलिसहून लग्न होऊन आली.

मार्लिसच्या मनात शंका नव्हती. ते सॅलड आईचं होतं. आणि आईचं नाव आजवर कुठेच छापलं गेलं नव्हतं. वर्तमानपत्रात मृत्यूची बातमी आली ती 'मिसेस ऑर्विल स्टेनरूड यांचे निधन' अशी. कबरीच्या दगडावर नुसतं 'आई' कोरलेलं. मार्लिसच्या पश्चात अर्डिस हे नाव घेणारं कोणी उरणार नव्हतं. पान एकतीसवर ते एकदा छापलं गेलं की दोनशे घरांत पोचलं असतं. आज चार वाजेपर्यंत कागद द्यायचा होता. उद्या सकाळी मजकूर छापखान्यात जाणार होता. एका शब्दाचं काम, आणि हात पुढे होत नव्हता.

फोन वाजला. डार्ला. लाव्हॉनची मुलगी, मार्लिसची सावत्र बहीण, बारा वर्षांनी लहान.

"लिहिलंस का?" हॅलो नाही, काही नाही.

"काय?"

"मार्लिस, मी एकसष्ट वर्षांची आहे. मला बनवू नकोस. पान एकतीस."

"बघतेय."

"बघायचं काय त्यात? दर रविवारी आई करायची ते. मी इतकं खाल्लंय की कापलं तर हिरवं रक्त निघेल माझं."

"तू जन्मायच्या आधीपासून खाल्लंय मी."

"पुस्तक बासष्टचं आहे. तेव्हा तुझी आई..." डार्लाने आवाज उतरवला. "तेव्हा ती नव्हती गं."

"पाककृती अठ्ठावन्नपासून गोळा होत होत्या. मग छपराचं काम निघालं, म्हणून पुस्तक मागे पडलं. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे तुला. बाकी सगळे वर गेले."

मार्लिस फोनची तार बोटाला गुंडाळत होती. डार्ला तिला त्या तारेच्या फोनवरून नेहमी हसायची. ताणत ताणत ती खिडकीपर्यंत गेली, परत आली. मग जे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं ते बोलून गेली.

"मला आठवतं, डार्ला. शाळेतून यायचे, कोट अंगातच असायचा. फ्रिज उघडून तिथेच उभी राहून खायचे. पायांवर गार हवा यायची. सगळ्यात खालच्या फळीवर काचेची ताटली, आणि शेजारी चमचा. आई माझ्यासाठी चमचा काढून ठेवायची. काही बोलायची नाही, ओरडायची नाही. दाराची ती लांब चकचकीत मूठ अजून हाताला आठवते मला. तो मोरपंखी रंग..."



"कसला रंग?" डार्लाने विचारलं.

"मोरपंखी."

"अगं, तो फ्रिज माझ्या आईबरोबर घरात आला. बाबांनी लग्नात घेतला तिला. त्याआधीचा पांढरा होता. मागच्या पडवीत ठेवलेला नव्हता का? बाबा त्यात मासेमारीची गांडुळं ठेवायचे."

"मोरपंखी आधीपासून होता."

"माझ्याकडे फोटो आहे. दोघं उभी आहेत फ्रिजसमोर, दाराला रिबीन बांधलीय. घेऊनच येते. चारला चर्चमध्ये भेट." आणि फोन ठेवता ठेवता, "काही खाल्लंस का सकाळपासून? नसशीलच."

मार्लिसने कॉफी ओतून घेतली आणि एक घोट घेऊन मोरीत ओतून दिली. फडताळातून काचेची ताटली काढली. तळाला चिकटपट्टीचा एक जुनाट तुकडा होता, चर्चच्या जेवणांत भांडी अदलाबदल होऊ नयेत म्हणून सगळ्याच बायका लावायच्या तसा. त्यावर मोठ्या अक्षरांत मिसेस ऑर्विल स्टेनरूड. तो काय सांगणार? तिने ताटली ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. मग कोट घातला. पुस्तकाचं सगळं टायपिंग जिने केलं होतं ती ऑर्फा ब्रेकके अजून जिवंत होती. पाककृती जुन्या गठ्ठ्यातली होती एवढं तिने सांगितलं की झालं.

वृद्धाश्रम गावाबाहेर, धान्याच्या कोठारांच्या पलीकडे. रस्त्याकडेचं बर्फ काळं पडलं होतं. मार्लिस गाडी हाकत होती आणि मनातल्या मनात त्या मोरपंखी दाराला मागे ढकलत होती, एकसष्टमधून अठ्ठावन्नमध्ये. दार हलत नव्हतं.

आई गेल्यानंतरचं दीड वर्ष तिला लख्ख आठवत होतं. बाबा आणि ती टीव्हीसमोर बसून अॅल्युमिनियमच्या थाळीतलं तयार जेवण जेवायची. तीन कप्पे. एकात मांस, एकात वाटाणे, एकात सफरचंदाचं गोड. ओव्हनमध्ये वाटाणे नेमके उडून गोडात पडायचे. बाबा गंभीर चेहरा करून विचारायचे, "आज कुठल्या कप्प्यापासून सुरुवात करायची, मॅडम?" तिला ते जेवण आवडायचं. त्या जेवणात कोणाची आठवण यायची नाही. मग लाव्हॉन आली. थाळ्या बंद झाल्या, टेबलावर चादर आली, आणि मार्लिसने जेवण सोडलं. म्हणजे बसायची, चिवडायची, उठायची. हे सगळं आठवत होतं. मग फ्रिज कसा चुकेल?

ऑर्फा खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसली होती. शहाण्णव वर्षांची, पिसासारखी हलकी, आणि समोरच्या वाटीकडे वैऱ्यासारखी बघत होती.

"मिसेस ब्रेकके," मार्लिस म्हणाली. त्र्याहत्तर वर्षांची झाली तरी ऑर्फा म्हणायला तिची जीभ वळत नव्हती.

"ये पोरी. हे बघ. रोज जेली देतात. आत काही नाही. ना गाजर, ना काही. रिकामी! माणसाने बघायचं काय तिच्यात?"

मार्लिस खुर्चीच्या कडेवर टेकली आणि लगेच मुद्द्यावर आली. "मिसेस ब्रेकके, बासष्टचं पुस्तक तुम्ही टाइप केलंत. हिरवं सॅलड, मिसेस ऑर्विल. ते जुन्या गठ्ठ्यातलं होतं ना? माझ्या आईने दिलेलं?"

"गठ्ठ्यात काय होतं ते मला नाही आठवत. डोनटच्या सात पाककृती होत्या. सातही सारख्या, आणि सातही बायका म्हणे माझीच घ्या."

"हे आठवून बघा." मार्लिसने लाल पुस्तक उघडून वाचलं. "लिंबाच्या जेलीची दोन पाकिटं. कॉटेज चीज एक वाटी. किसलेलं गाजर. व्हिनेगर एक चमचा. बारीक मार्शमेलो दोन वाट्या. अननस डब्यातलाच घ्यावा, ताजा घातल्यास कितीही वेळ थांबलात तरी गोठणार नाही."

ऑर्फा हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग खोकला आला, मग डोळ्यांत पाणी आलं.

"ती ओळ! मी म्हटलं, ही ओळ काढू या, जागा नाही. तर म्हणाली, बाकी सगळं काढा, ही राहू द्या. माझ्यासारखी दुसरी कोणी फसायला नको."

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? तुला आठवत नाही? तू तर होतीस तिथे." ऑर्फाने वाटी दूर सारली. "सुगीचं जेवण होतं, चर्चच्या तळघरात. नवी मिसेस ऑर्विल शहरातून अख्खा अननस घेऊन आली होती, त्या पानांच्या शेंड्यासकट. आम्ही तोवर अननस डब्यातच पिकतो असं समजत होतो. तिने तो कापून जेलीत घातला. ताज्या अननसाने जेली धरत नाही, हे तिला कोण सांगणार? साचा उपडा केला आणि सगळं हिरवं पाणी टेबलभर. हॅमवर, बटाट्यांवर, पाद्रींच्या मांडीवर."

मार्लिस उठून उभी राहिली होती.

"आणि आम्ही सगळ्या काय म्हणालो? 'वेगळंच आहे हं.'"

लोन एल्ममध्ये कोणी कोणाच्या पदार्थाला वाईट म्हणत नाही. वेगळंच आहे म्हणतात. त्याहून मोठा अपमान गावात नव्हता.

"आणि मग तू बोललीस," ऑर्फा म्हणाली. "खणखणीत. 'माझ्या आईचं कधी वाहून जायचं नाही.' ती बाई फडकं घेऊन पुसत होती, पुसतच राहिली."

ते पाणी मार्लिसला आता दिसलं. टेबलाच्या कडेवरून थेंबथेंब गळणारं हिरवं पाणी, आणि तिच्या पांढऱ्या मोज्यावर पडलेला एक डाग. हे तिला इतकी वर्षं आठवलं नव्हतं. ती, जी काही विसरत नव्हती.

"पण माझी आई करायची ते. हिरवं सॅलड," ती म्हणाली.

"करायची ना. गावात नंबर एक. पण अर्डिसने ते कधी कोणाला सांगितलं नाही. आम्ही विचारलं की हसायची. गेली तेव्हा बरोबरच घेऊन गेली." ऑर्फाने हात मांडीवर ठेवले. "म्हणून तर ती नवी बाई दारोदार फिरली. त्या जेवणानंतर. प्रत्येकीला विचारायची, अर्डिसच्या सॅलडात काय असायचं? चव कशी लागायची? कोणी म्हणे गाजर, कोणी म्हणे सेलरी. माझ्याकडे दर मंगळवारी यायची ती काचेची ताटली घेऊन. मी चाखायची, म्हणायची, इतकं गोड नव्हतं. ती परत घरी. पुढच्या मंगळवारी हजर. व्हिनेगरचा चमचा माझा बरं का. ती सुचवणी माझी."

"कशासाठी पण?"

"कशासाठी काय? तू जेवत नव्हतीस. ऑर्विलने आमच्या यांना सांगितलं होतं, पोरगी नुसती हाडं राहिलीय." बाहेर कोणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिच्या खडखडाटावर ऑर्फाने आवाज चढवला. "मग एका मंगळवारी आली ती ताटली न घेताच. म्हणाली, कोपरा गेलाय. मी म्हटलं कसला कोपरा? म्हणाली, फ्रिजमध्ये ताटली होती, एका कोपऱ्याला चमच्याएवढं भगदाड आहे. रडत होती वेडी. म्हणाली, मी काही विचारणार नाही, विचारलं तर बंद करेल. उद्यापासून खालच्या फळीवर ठेवते, हाताला येईल असं. आणि शेजारी चमचा."

मार्लिसने हातातलं लाल पुस्तक मिटलं.

"त्याच दिवशी कार्ड दिलं तिने. म्हणाली, आता छापायला हरकत नाही." ऑर्फाने तिच्याकडे निरखून बघितलं. "काय होतं गं तिचं नाव? आम्ही आपलं मिसेस ऑर्विल म्हणायचो."

मार्लिसने पर्स उचलली, ठेवली, उचलली. "येते मी, मिसेस ब्रेकके."

"पुढच्या वेळी येताना जेली आण," ऑर्फा म्हणाली. "आत काहीतरी असलेली."

गाडीत बसून तिने किल्ली फिरवली नाही. अडीच वाजले होते. तिने डोळे मिटले आणि आईची ताटली जुन्या पांढऱ्या फ्रिजमध्ये ठेवून बघितली. फ्रिज आठवत होता, त्याचा गोल खांदा आठवत होता. ताटली काही त्यात दिसेना. आईच्या हातचं हिरवं सॅलड जिभेवर आणायचा प्रयत्न केला. आली ती लाव्हॉनची चव, व्हिनेगरच्या चमच्यासकट. साठाहून जास्त वर्षं आईची म्हणून जपलेली.

मग आईचं राहिलं काय? एखादी गोष्ट चुकली की बाकीच्यांची काय खात्री? उरलेल्या आठवणी ती एकेक काढून बघू लागली. निळी ओढणी? ती कदाचित मावशीची. गुणगुणणं? ते रेडिओवरचंही असेल. जीभ ओठावर फिरत होती, त्या खुणेवर, पुढे, मागे, पुन्हा त्या खुणेवर.

आणि मग कात्री.

शिवणाची मोठी काळी कात्री. पाण्याचा पेला. आई कात्री पेल्यात बुडवायची आणि मोठमोठे मार्शमेलो, ते पांढरे चिकट गोड गोळे, कापायची, कच कच, एकाचे चार. नाहीतर पाती चिकटायची. बारीक मार्शमेलोची पाकिटं लोन एल्मच्या दुकानात तेव्हा आलेली नव्हती. आणि कापून झालं की कात्री मार्लिसकडे. चाटायला. आईला वाटलं होतं मिटलेली आहे. रक्त, आरडाओरडा, आणि आई रडता रडता हसत म्हणाली होती, "अगं, जीभ तरी आहे ना जागेवर?"

हे तरी खरं होतं का?

ती घरी आली ती जवळजवळ धावतच. कोट न काढता जिन्याखालची पेटी ओढली. शाळेचे फोटो वर्षांप्रमाणे लावलेले होते. पहिलीचा हाती लागला. तीन रांगा, आणि पुढे बसलेल्या मुलाच्या हातात पाटी, तिच्यावर खडूने १९५७. मधल्या रांगेत डावीकडून चौथी, भांग वाकडा, आणि खालच्या ओठावर शिवणीचे दोन काळे टाके. डॉक्टरांनी घातलेले, आई जिवंत असताना.

तिने बोटाने ओठ चाचपला. मग जमिनीवरच बसून राहिली, कोटासकट, घड्याळात साडेतीन होईपर्यंत.

चर्चच्या कचेरीत ट्रूडी कंप्युटरपुढे बसली होती. "आलीस? मला वाटलं ऐन वेळी पळालीस तू."

मार्लिसने कागद टेबलावर ठेवला आणि पेन घेतलं. बाबा लाव्हॉनला स्वीटी म्हणायचे. डार्ला आई म्हणायची. गावाला ती मिसेस ऑर्विल. या गावात तिला तिच्या नावाने हाक मारणारी मार्लिस एकटीच होती. दहाव्या वर्षी तिने ठरवलं होतं, आई म्हणायचं नाही, तोंडावर नाव घ्यायचं, एकेरी, धारदार. लाव्हॉन, माझा कोट कुठे आहे? लाव्हॉन, मला भूक नाही. शिक्षा म्हणून सुरू केलेलं, आणि शेवटी दवाखान्यात हात धरून बसली तेव्हाही तेच नाव, कारण दुसरं काही म्हणायची सवय उरली नव्हती. लाव्हॉन दर वेळी म्हणायची, "हं, बोल."

तिने लिहिलं, लाव्हॉन स्टेनरूड.

ट्रूडीने वाकून बघितलं. "अच्छा, तुझ्या आईचं नाव लाव्हॉन होतं?"

"माझ्या आईचं नाव अर्डिस."

"मग ती कुठे आहे यात?"

"नाही ती यात."

"अगं, मग तिची एखादी पाककृती दे ना. अजून वेळ आहे. अर्ध्या पानाची जागा काढते मी कुठेतरी."

"तिने कोणाला दिलीच नाही कधी," मार्लिस म्हणाली आणि कागद ट्रूडीकडे सरकवला. मग पुन्हा ओढून घेतला. "थांब. पान एकतीसवर एक ओळ वाढवायची आहे. मार्शमेलोच्या खाली."

ती लिहीत असतानाच दार उघडून डार्ला आत आली. नाक थंडीने लाल, हातात पाकीट. "हा बघ फोटो. कडेला छापलंय, जून एकसष्ट. आता बोल काय बोलायचंय ते. मी काही ऐकून घेणार नाहीये, मार्लिस, आधीच सांगते—"

"लाव्हॉनचं नाव घातलंय मी."

डार्लाने वाटभर जुळवलेलं भांडण वाया गेलं होतं. तिने कागद ओढून वाचला. दोनदा वाचला. मग पाठ फिरवून नाक शिंकरलं. फोटो टेबलावर पडला होता. बाबा, लाव्हॉन, मोरपंखी फ्रिज, मूठ चकचकीत. मार्लिसने तो उचलला नाही, पण तिला बघायला उचलायची गरजही नव्हती.

"आणि हे काय?" डार्ला पुन्हा कागदावर वाकली. नवी ओळ तिने मोठ्याने वाचली. "'बारीक मार्शमेलो न मिळाल्यास मोठे घेऊन पाण्यात बुडवलेल्या कात्रीने कापावेत. कात्री मुलांना चाटायला देऊ नये.'" तिने मान वर केली. "आई तर पाकिटातले घालायची. कात्रीबित्री काही नाही."

"हो, लाव्हॉन घालायची."

"आणि मुलांना कात्री चाटायला कोण देतं?"

मार्लिसची जीभ ओठापर्यंत आली, आणि पहिल्यांदाच तिथे थांबली.

"माझी आई," ती म्हणाली.

डार्लाने तिच्या ओठाकडे बघितलं. एकसष्ट वर्षं बघत आलेली खूण पुन्हा एकदा नीट बघितली.

"वेगळंच आहे हं," ती म्हणाली, आणि कागद ट्रूडीच्या हातात दिला. "छाप हे. एक अक्षर काढलंस तर बघ."